बोट लागली

वहिनी मंगळवारी आल्या आणि शुक्रवारपर्यंत गडग्याशी फिरकल्या नाहीत. दोन महिने लेकीकडे राहून आलेलं माणूस, तेही कुठे, तर वेस्ट इंडीजला, आणि तीन दिवस नुसतं दार बंद! मी रोज सकाळी वाळत घातलेले कपडे उगीच दोन-दोनदा उलटत होते.

आमच्या दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा आहे, कमरेएवढा. त्यांचा नीरफणस त्यावरून आमच्या खळ्यात वाकलेला. मूळ त्यांच्याकडे, फांदी आमच्याकडे, तेव्हा फळ कोणाचं, यावरून आमच्या सासऱ्यांच्या काळात बरंच वाजलं होतं म्हणे. आता त्याच फांदीखाली उभं राहून आम्ही दोघी सगळ्या वेंगुर्ल्याचा कारभार बघतो.

शुक्रवारी आल्या. हातात चहाचा कप.

“गुड मॉर्निंग, बाई.”

मी बघतच राहिले. तीस वर्षांत या बाईनं मला ‘चाय झाली?’ यापलीकडे दुसऱ्या शब्दानं हाक मारलेली नाही.

“तिकडची सवय हो,” त्या म्हणाल्या. “सुटत नाही. काल कोळणीला पण गुड मॉर्निंग म्हटलं, तिनं पापलेटाचा भाव वाढवला.”

मग कळलं ते असं. पहिल्याच दिवशी वहिनी दुकानात गेल्या आणि साखर मागितली. दुकानदारीण त्यांच्याकडे शांतपणे बघून म्हणाली, “गुड मॉर्निंग.” वहिनींना वाटलं, हिला ऐकू आलं नसेल. पुन्हा “शुगर” म्हणाल्या. ती पुन्हा “गुड मॉर्निंग.” तिसऱ्या खेपेला लेकीनं मागून कोपरानं ढोसलं, तेव्हा यांच्या डोक्यात उजेड पडला. आधी माणसाला माणूस म्हणून ओळख द्यायची, साखर मग. दुकान असो, बस असो, दवाखान्यातली रांग असो, आत शिरणाऱ्यानं सगळ्यांना उद्देशून म्हणायचं आणि सगळ्यांनी एका सुरात परत द्यायचं.

“आणि संध्याकाळ झाली की काय म्हणतात माहीत आहे? गुड नाइट! म्हणजे आलेल्या माणसाला! आम्ही शेजाऱ्यांकडे गेलो, दार उघडलं, बाई हसून म्हणाली गुड नाइट. मी लगेच वळले. म्हटलं, आत्ता आलो, लगेच जा म्हणते!”

ओटीवरून सासूबाईंचा खोकल्यासारखा हसण्याचा आवाज आला. त्या शहाऐंशीच्या. ऐकू कमी येतं म्हणतात, पण गडग्यावरचं सगळं येतं.

मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. त्यामुळे वहिनी जायच्या आधीच मी नकाशापुस्तक काढून बसले होते. जावई सेंट व्हिन्सेंटला, एका मेडिकल कॉलेजात शिकवतो. राजधानी किंग्सटाऊन. त्याच्या दक्षिणेला ग्रेनेडीन्स नावाची बेटांची माळ, आणि त्या माळेतला पहिला मोठा मणी म्हणजे बेक्विया. क्षेत्रफळ अठरा चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या दोन-तीन गावांचं शिवार. लोकवस्ती पाच-सहा हजार.

“बेक्विया नव्हे हो बाई, बेक्वे,” वहिनी म्हणाल्या. भूगोलात मला दुरुस्त करायची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि ती त्यांनी चवीनं साजरी केली. “लिहायचं एक आणि म्हणायचं एक. चार दिवसांसाठी गेलो होतो. अकरा दिवस राहिलो.”

“का? बोट चुकली?”

“चुकली नाही, सोडली. पण जाताना मला काय बोट लागली, काय बोट लागली, विचारू नका.”

“लागली?” ओटीवरून सासूबाई. “खयच्या धक्क्याक लागली?”

वहिनी दचकल्या. “तशी नाही हो आये. पोटात ढवळलं. उलट्या.”

“हां,” सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा वाती वळायला लागल्या.

किंग्सटाऊनहून बेक्वे नऊ मैल, बोटीनं तासाभराची वाट. पण मधली खाडी भलती खवळलेली असते. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र, आणि दोघांमधल्या खिंडीतून पाणी ढकललं जातं. वहिनी सांगतात, बोटीवर खाली सिमेंटची पोती, फ्रिज, पावाचे ट्रे, कोंबड्यांची खोकी, एक नवीकोरी संडासाची सीट, वर माणसं. स्थानिक बायका झोपून गेलेल्या, आणि आमच्या वहिनी पिशवीत तोंड घालून रामरक्षा म्हणतायत. मग एकदम पाणी निवळलं. बघतात तर डोंगरांच्या कुशीत गोल बंदर, त्यात शेकडो शिडांच्या होड्या नांगरलेल्या, आणि समोर गाव. पोर्ट एलिझाबेथ. बंदराचं नाव अॅडमिरल्टी बे.

“गाव म्हणजे केवढं?”

“बाजारापासून मांडवीपर्यंत. तेवढंच.”

समुद्राला लागून एकच रस्ता. धक्क्याजवळ भाजीचा बाजार, पोस्ट, देऊळ, म्हणजे चर्च, आणि मधोमध बदामाचं झाड. आपलं बदाम हो, ज्याच्या बिया फोडून आपली पोरं दात पाडून घेतात तेच. त्या झाडाखाली बाक, आणि बाकांवर दिवसभर माणसं. काही करत नाहीत. नुसती बसतात, बोलतात, मध्येच गप्प राहतात, पुन्हा बोलतात. त्याला तिकडे शब्द आहे, ‘लाइम’. लिंबाशी संबंध नाही. ‘काल काय केलंस?’ ‘लाइम केलं.’ हे त्यांचं पूर्ण उत्तर असतं, आणि त्यावर कोणी ‘म्हणजे काहीच नाही ना?’ असं विचारत नाही. मला तो शब्द फार आवडला. आपल्याकडे या कामाला नाव आहे, पण ते शिवीसारखं आहे: चकाट्या.

“जेवलात काय पण?”

वहिनींनी चहाचा कप गडग्यावर ठेवला आणि डोक्यावरच्या फांदीकडे बोट केलं.

“हा.”

“नीरफणस?”

“नीरफणस. भाजलेला. आणि बरोबर तळलेले मासे. देशाचं अधिकृत जेवण आहे म्हणे ते! आणि अळूचं सूप. कॅललू म्हणतात. नारळाचं दूध घालून. आणि रोटी.”

मी गडग्याला टेकले. “म्हणजे चार विमानं बदलून, दोन लाख रुपये घालून तुम्ही अळूचं फदफदं आणि नीरफणस खाऊन आलात?”

“तेच मी लेकीला म्हटलं!”

पण यात एक गंमत आहे, आणि ती मला माहीत होती म्हणून मी वहिनींना गप्प करून सांगून घेतली. नीरफणस तिकडचा नव्हेच. तो पॅसिफिकमधला, ताहितीकडचा. ब्रिटिशांना वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना स्वस्तात पोसायचं होतं. एका झाडाला इतकी फळं येतात, हे बघून त्यांनी कॅप्टन ब्लाय नावाच्या माणसाला रोपं आणायला पाठवलं. पहिल्या खेपेला, 1789 मध्ये, त्याच्याच ‘बाउंटी’ जहाजावर खलाशांनी बंड केलं, त्याला होडीत बसवून समुद्रात सोडलं आणि रोपं पाण्यात फेकून दिली. तो जिवंत परतला, पुन्हा गेला आणि 1793 मध्ये रोपं किंग्सटाऊनच्या बागेत उतरवली. ती बाग 1765 सालची, अजून आहे. म्हणजे ज्या फळापायी जहाज गेलं, अब्रू गेली, ते आमच्या गडग्यावर फुकट वाकलंय आणि आम्ही त्यावरून भांडलो.

“बागेत गेलो होतो,” वहिनी म्हणाल्या. “त्या पहिल्या झाडाच्या वंशातलं झाड दाखवतात. मी हात लावला. रेलिंगवाला ओरडला.”

आणि रोटी? ती आपल्याच लोकांनी नेली. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून 1 जून 1861 ला मद्रासहून पहिलं जहाज सेंट व्हिन्सेंटला लागलं. पुढच्या वीसेक वर्षांत दोन हजारांवर माणसं गेली. धक्क्यावरच्या एका भाजीवालीनं वहिनींची टिकली बघून सांगितलं की तिच्या पणजीची आई ‘त्या बाजूची’ होती. कुठली, ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं वहिनींना एक अंबाडा जास्त दिला. अंबाडा म्हणजे आपला तो आंबट अंबाडा नव्हे, त्याचा मोठा भाऊ. त्यांच्याकडे ‘गोल्डन अॅपल’ म्हणतात. वहिनींनी त्याचं रायतं केलं आणि लेकीच्या घरमालकिणीला दिलं. घरमालकीण पाणी पीत बसली.

“टॅक्सीवाला पण गावस्करचं विचारत होता.”

“काय सांगता!”

टॅक्सी म्हणजे मागे बाकडी टाकलेली उघडी पिकअप. म्हातारा ड्रायव्हर. इंडिया म्हटल्यावर गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, गावस्कर. साहजिक आहे. 1971 साली वाडेकरांच्या संघातून हा कोवळा पोरगा पहिल्यांदा गेला आणि चार कसोटींत 774 धावा ठोकून आला. त्यांच्याकडे लॉर्ड रिलेटरनं त्यावर कॅलिप्सो रचलं, म्हणजे ज्यांची गोलंदाजी झोडली त्यांनीच गाणं केलं. त्याच दौऱ्यात मडगावच्या सरदेसाईंच्या 642 धावा, पण गाणं मिळालं गावस्करला. गोव्याकडचे अजून त्यावरून कुरकुरतात. वहिनींनी ड्रायव्हरला सांगितलं की गावस्कर मूळचे आमच्या वेंगुर्ल्याचे. त्यानं टोपी काढली. त्या दिवसाचे पैसे मात्र पूर्ण घेतले, असंही वहिनींनी प्रामाणिकपणे सांगितलं.

एवढ्यात मी मुद्द्याचं विचारलं. गावात भानगडी काय?

वहिनींचा आवाज लगेच खाली आला, जणू सात समुद्रांपलीकडे ऐकू जाईल. समोर मस्टिक नावाचं बेट दिसतं. ते एका इंग्रज सरदारानं, कॉलिन टेनंटनं, 1958 मध्ये पंचेचाळीस हजार पौंडांना विकत घेतलं. सगळं बेट! आणि दोन वर्षांनी राणीच्या धाकट्या बहिणीचं, मार्गारेटचं लग्न झालं, तेव्हा आहेर म्हणून त्यानं तिला त्यातली दहा एकर जागा दिली. बेक्वेला तिच्या नावाचा किनारा आहे, तिथे ती पोहायला उतरली होती म्हणे.

“दहा एकर,” मी म्हटलं. “आणि नवरा?”

“नवऱ्याला त्या बेटाची आवड नव्हती. ती तिकडे एकटीच जायची. म्हणजे एकटी…” असं म्हणून वहिनींनी भुवया उडवल्या. पुढचं जगजाहीर आहे, घटस्फोटही झाला. आहेर देताना माणसानं विचार करावा, एवढं आम्ही दोघींनी ठरवलं.

मग व्हेल.

हे सांगायला वहिनी आधी तयार नव्हत्या. आपल्याकडे व्हेल म्हटलं की पोलिसांनी पकडलेली उलटी आठवते, नाहीतर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत रुतलेलं ते पिल्लू, ज्याला पाण्यात ढकलायला लोक दोन दिवस झटत होते. बेक्वेला व्हेल मारतात. अजून, हातानं. 1870 च्या दशकात विल्यम वॉलेस नावाच्या बेक्वेच्याच माणसानं हे काम अमेरिकन जहाजांवर शिकून इकडे सुरू केलं. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोग त्यांना परंपरा म्हणून वर्षाला चार व्हेलची परवानगी देतो. फेब्रुवारीपासून डोंगरावर माणूस बसतो. पाण्यावर फवारा दिसला की खाली निरोप, आणि सहा माणसं लाकडी होडी लोटतात. पंचवीसेक फुटांची होडी, शीड आणि वल्ही. समोर चाळीस फुटांचं जनावर. नाळेवर उभा असलेला माणूस दोरी बांधलेला भाला हातानं मारतो. त्यातला एक जुना नावाजलेला भालेवाला होता, अॅथनील ऑलिव्हियर. 2000 साली गेला. काही वर्षं चार सोडा, एकही मिळत नाही. मिळाला की सगळं बेट तिथे लोटतं आणि मांस वाटलं जातं.

“तुम्ही बघितलंत?”

“नाही. आम्ही होतो तेव्हा नाही मिळाला. आणि देवाची शपथ, मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.” वहिनींनी कपातला गार चहा बघितला. “एका खानावळीच्या दाराला जबड्याच्या हाडांची कमान आहे. त्याखालून गेले तेव्हा अंगावर काटा आला. मी म्हटलं त्या पोऱ्याला, कसं हो मारवतं? तो म्हणाला, तुम्ही मासे खाता ना? मी म्हटलं, खाते. तो म्हणाला, गुड. संपलं संभाषण.”

मला विचाराल तर मला त्या पोऱ्याचं पटलं नाही. सुरमई आणि पिल्लाला दूध पाजणारं जनावर एका तागडीत कसं घालायचं? वहिनींना पटलं होतं की नव्हतं, हे मात्र त्यांच्या चेहऱ्यावरून शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी विषय बदलला आणि होड्यांकडे गेल्या.

होड्या बांधणं हे त्या गावाचं खरं कसब. आता मोठ्या कमी बांधतात, पण लहान, टेबलावर ठेवायच्या प्रतिकृती करणारी दुकानं आहेत. एकेक शीड, एकेक दोरी, खऱ्यासारखी. राणी एलिझाबेथ आली तेव्हा तिच्या ‘ब्रिटानिया’ नौकेची प्रतिकृती तिथल्याच कारागिरानं करून दिली. वहिनींनी एकीची किंमत विचारली आणि गुड मॉर्निंग म्हणून बाहेर आल्या. त्याऐवजी लहान पोरांकडून नारळाच्या सोडणाची होडी घेतली: सोडणात काडी, काडीला प्लॅस्टिकचं शीड. ईस्टरला तिथे शिडांच्या होड्यांची मोठी शर्यत असते, चार दिवस. तेव्हा या सोडणांच्या होड्यांचीही शर्यत लागते आणि पोरं त्यांच्यामागून पोहत जातात.

“नदी नाही हो बेटावर. एकही नाही,” त्या मध्येच म्हणाल्या. “प्रत्येक घराच्या छपरावरचं पाणी टाकीत. भांडी घासताना मी नळ सोडून ठेवला, तर ती घरमालकीण येऊन नळाकडे बघत उभी राहिली. काही बोलली नाही.”

“गुड मॉर्निंग म्हणाली असेल.”

“तेवढंच म्हणाली.”

आमच्याकडे पावसाळ्यात आकाश फाटतं आणि मे महिन्यात टँकर येतो. यावर आम्ही दोघी थोडा वेळ गप्प राहिलो. लाइम केलं म्हणा.

मग मी मघापासून राहिलेलं विचारलं. बोट सोडली म्हणजे काय?

वहिनी म्हणाल्या, चौथ्या दिवशी सामान बांधून धक्क्यावर गेलो. बदामाखाली बसलो. आणि बघत राहिलो. बोट यायच्या आधी गाव सुस्त असतं, कुत्रीसुद्धा उठत नाहीत. मग खाडीच्या तोंडाशी ती दिसते, आणि कुठून कुठून माणसं निघतात. कोणाचा मुलगा यायचा, कोणाची औषधं, कोणाचे टायर. पिकअपवाले रांग लावतात. बोट मागचं दार उघडते आणि अर्धा तास नुसता कल्लोळ: कोणीतरी कोणाला मिठी मारतंय, कोणी पोतं उचलतंय, कोणाचं तरी भांडण, कोणाची तरी कोंबडी सुटली. 2024 च्या जुलैमध्ये बेरिल वादळानं खालची बेटं सपाट केली तेव्हा याच धक्क्यावर तिकडची माणसं उतरली होती, अंगावरच्या कपड्यांनिशी. लोक अजून सांगतात, कोण कोणाच्या घरी राहिलं. मग बोट भोंगा वाजवून निघते आणि गाव पुन्हा सुस्त.

“ती आमची बोट होती. आणि आम्ही बघण्याच्या नादात बसूनच राहिलो. लेक म्हणाली, आई, निघाली. मी म्हटलं, जाऊ दे. उद्या आहे ना. उद्या पण तसंच झालं.”

ओटीवर वातींचं काम थांबलं होतं.

“बोट अजून येता थंय?” सासूबाईंनी विचारलं. “रोज?”

“रोज. दिवसातून कितीतरी वेळा.”

“आणि गाव धक्क्यार येता?”

“येतं आये. सगळं.”

सासूबाई उठल्या. पडवीच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. मग बोलायला लागल्या, आणि असं त्या कधी बोलत नाहीत. बॉम्बे स्टीमची बोट. मुंबईहून यायची. पावसात बंद, नारळी पौर्णिमेनंतर चालू. बोट लांब उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला. सासरे मुंबईला गिरणीत. दर मे महिन्यात यायचे. रात्री भोंगा वाजला की अख्खी वाडी कंदील घेऊन मांडवीवर. पडावातून उतरणाऱ्यांचे चेहरे अंधारात दिसायचे नाहीत, म्हणून बायका चालीवरून नवरे ओळखायच्या. एका वर्षी सासूबाईंनी चुकून दुसऱ्याच्याच नवऱ्याची ट्रंक उचलली होती. इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता बोट नाही. एसटी आहे, रेल्वे आहे, 2021 पासून चिपीला विमानसुद्धा उतरतं. उतरून माणूस थेट घरी जातो.

“तर मगे तां बंदर,” सासूबाई म्हणाल्या. “आपला काय, नुसतो समुद्र.”

आणि मग एकदम वहिनींना: “तो नीरफणस कसो भाजतत?”

सगळा अख्खा, निखाऱ्यात, बाहेरून काळा कोळसा होईपर्यंत, वहिनी म्हणाल्या. मग साल काढायची. आत पावासारखा. मी म्हटलं, आपण कापं करतो, रवा लावून. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. वहिनींनी आकडी घेऊन फांदीवरचा सगळ्यात मोठा काढला. माझ्या बाजूचा. मी काही बोलले नाही. म्हणजे एकदा घसा खाकरला.

न्हाणीच्या चुलीत सोडणं पेटवली, त्यात तो ठेवला. धूर असा झाला की तीन घरं सोडून पलीकडच्या वहिनी विचारत आल्या, काय जळतंय? आमच्या वहिनींनी धुरातून डोळे पुसत त्यांना गुड मॉर्निंग म्हटलं. दुपारचा एक वाजला होता.

तासाभरानं काढला. साल कडक, काळी; आतून पिवळसर, वाफाळता. सासूबाईंनी पहिला तुकडा घेतला, तोंडात बराच वेळ इकडून तिकडे फिरवला. आम्ही दोघी बघत राहिलो.

“मीठ घालूक इसारलंस?” त्या म्हणाल्या.